नाइट ड्यूटीनंतरचा नाश्ता

फळ आणलं गजू ठोंबऱ्यानं, एकशे आठच्या गाडीतून.
पेशंट नागपुरात मेडिकलला पोचवला,
परतताना बर्डीवर गाडी कडेला लावली
आणि भाव न करता एकच घेतलं.
"वहिनी एकदा बोलल्या होत्या ना ड्यूटीवर."

दगड होता नुसता.
मगरीच्या पाठीची साल.
शालिकरामनं हुंगून पाहिलं, "कवठ व्हय का कोवळं?"
मी म्हटलं अवोकाडो.
तो म्हणाला, "असू दे."

तुरीच्या कोठीत पुरून ठेवलं,
सीताफळं ठेवतो तसं.
रोज कोपरापर्यंत हात घालायचा,
अंगठ्यानं दाबून पाहायचं.
सोमवारी नाही.
मंगळवारी नाही.
बुधवारी मांडगावच्या फीडरवर तार तुटली,
दिवसभर खांबावरच होतो, विसरलो.
गुरुवारी देठापाशी अंगठा आत गेला,
बाळाच्या टाळूवर जाईल तितकाच.

रेवता दूध घेत नाही, दीड वर्ष झालं.
दही नाही, तूप नाही, चहाही कोरा.
कारण तिनं सांगितलं नाही,
मीही खोदून विचारलं नाही.
एवढंच ठाऊक आहे की त्या श्रावणात
शालिकरामची गाय वासरासाठी चार रात्री हंबरत होती
आणि आमची खिडकी त्याच अंगाला उघडते.

"मग खाते काय ते?" सासू विचारते फोनवर.
जवस खाते. फल्ली खाते. लाखोळीचं वरण.
भेदराची चटणी ताट पुसून खाते.
पण बारा तास उभं राहून घरी आल्यावर
तिला काहीतरी मऊ हवं असतं,
ज्याला फार चावावं लागत नाही.

पाव आणला होता जामच्या बेकरीतून.
चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली,
सातव्या ओळीत दुधाची पावडर निघाली.
पाव शालिकरामच्या पोराला दिला.

रातची ज्वारीची भाकर होती.
ती जाळीवर धरली,
कडा पापडासारख्या वाजेपर्यंत.
लसणाची पाकळी गरम भाकरीवर घासली,
झिजून झिजून बोटाशी आली.
फळ चिरलं. आत पोपटी, मग पिवळं,
मधे गोटीएवढी नव्हे, चांगली लाडवाएवढी बी.
चमच्यानं गर काढला, वाटीत काट्यानं चेचला,
पूर्ण नाही, गाठी राहू दिल्या.
लिंबू. मीठ जरा जास्तच.
घाणीचं फल्लीचं तेल थेंबभर,
भिवापुरी मिरची कुटून,
वरून जवसाची चटणी, कांदा, सांभार.
थर जाड दिला. एकच फळ होतं,
पण पातळ लावून काय करायचं होतं?

ती आठ वीसच्या गाडीनं आली.
पाय धुतले. अंगाला डेटॉलचा वास.
"किती?"
"तीन. दोन पोरी, एक पोरगा.
पोरगा पायाळू. लय वेळ रडलाच नाही,
मग रडला."

पहिला घास घेऊन ती गप्प.
"कसं लागते?"
"आधी काहीच नाही लागत," ती म्हणाली,
"मग लागते."
भाकरीचा कडाका झाला, ती हसली,
हनुवटीला हिरवं लागलं होतं, मी सांगितलं नाही.

बाहेर सायकलची घंटी.
शालिकराम आमच्या दारावरून दूध घेऊन पुढे जातो,
घंटी तरी वाजवतोच, सवय.
आज थांबला. मी त्याला एक तुकडा दिला.
खाऊन म्हणाला,
"मिठानं तं बोरंबी गोड लागतात, भाऊ,"
आणि बोट चाटत गेला.

वळून पाहिलं तर रेवता बसल्या जागी झोपलेली,
डोकं भिंतीला,
ताटात चतकोर उरलेला,
वरचा थर काळपट पडत चाललेला.
तिच्या अंगावर चादर टाकली.
चतकोर उभ्या उभ्याच खाल्ला.

दुपारी खांबावर चढताना
हातमोजा घालायला गेलो,
तर अंगठ्याच्या नखात
अजून हिरवं होतं.